ताईनं कापलेलं वाक्य

शिलाई मशीनच्या कारखान्यात तिला सगळे ‘कात्री’ म्हणत, आणि तिला त्याचा राग नव्हता. निवृत्तीच्या दिवशी साहेब तिच्या लेखनाची स्तुती करायला उभे राहिले, तर तिनं त्यांना मध्येच थांबवलं. “लेखन कसलं डोंबलाचं? मी कापत गेले. उरलं ते तुम्ही छापलंत.”

नव्या मशीनच्या खोक्यात घडी घातलेला एक कागद येतो. दोरा कुठून ओवायचा, बॉबिन कशी बसवायची, सुई मोडली तर काय करायचं, हे त्यावर असतं. तो कागद कात्री लिहायची. मजकूर झाला की मशीनला कधी हात न लावलेला एखादा माणूस ती शोधून आणी. त्याला मशीनपुढं बसवी, कागद देई आणि स्वतः त्याच्या हातांकडे बघत राही. वाचता वाचता हात अडला, की ते वाक्य गेलं. मग ते कितीही गोंडस असो.

घरी बसल्यावर हीच कसोटी तिनं समस्त साहित्याला लावली आणि समस्त साहित्य नापास झालं. “सूर्य बुडाला एवढं सांगायला याला अख्खं पान लागतं. घराला आग लागली तर हा बंब कसा बोलावणार?” वाचनालयातल्या बाईंनी एकदा भीत भीत तक्रार केली, “तुम्ही पुस्तकात रेघा मारता हो.” कात्री म्हणाली, “मारते. लेखकानं मारायला हव्या होत्या.”

प्रेरणा या शब्दाचं तर तिला वावडंच. “मला कधी प्रेरणा झाली नाही बाई. सकाळी खुर्चीत बसायचं, संध्याकाळी उठायचं. प्रेरणेची वाट बघितली असती, तर गिऱ्हाइकं अजून हातात दोरा धरून बसली असती.”

म्हणूनच धाकटी बहीण लेखनाच्या वर्गाला जाऊ लागली, तेव्हा कात्रीला ते घरात कुणी जुगार खेळू लागल्यासारखं वाटलं. धाकटीचं आयुष्य दवाखान्यात रुग्णांची सेवा करण्यात गेलं होतं. वर्ग घेणाऱ्या सरांचं एकच बारीकसं पुस्तक होतं आणि ते त्यांनी बहुतेकांना फुकट वाटलं होतं.

“काय शिकवतात गं?”

“डोळे मिटून खिडकीबाहेर बघायला सांगतात. मग आतून येतं म्हणे.”

“डोळेच मिटायचे तर खिडकी कशाला हवी? भिंत चालेल की.”

धाकटी हसली. ताईचे टोमणे तिच्या अंगवळणी पडले होते. पण त्या दुपारी ती पिशवीतून तीन पानं घेऊन आली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवताना तिचा आवाज थोडा बदलला.

“वर्गाचं पुस्तक निघतंय, ताई. मी आईवर लिहिलंय. तू हो म्हणालीस तर देईन. नाहीतर फाडून टाकते आणि वर्गही सोडते.”

“धमकी देतेस?”

“नाही गं. आईला ओळखणारं तुझ्याशिवाय आता उरलंय कोण?”

कात्रीनं चष्मा लावला, लाल पेन घेतलं. “‘आईची माया सागरासारखी.’ आईनं समुद्र पाहिला होता?”

“नाही.”

“गेला सागर. ‘तिचे हात म्हणजे जणू कष्टांचा इतिहास.’ शी! हा तुझ्या सरांचा वास येतोय.”

“त्यांनीच सुचवलं होतं,” धाकटी ओशाळून म्हणाली.

“त्यांना म्हणावं, स्वतःच्या आईला लावा.” लाल रेघा भराभर पडत गेल्या. दुसऱ्या पानावर कात्री थबकली. “‘संध्याकाळी आई दाराच्या कडीवर हात ठेवून उभी राहायची.’ बरं, मग?”

“मग काही नाही. उभी राहायची.”

“दार उघडायची की लावायची?”

“दोन्ही नाही.”

“मग हात ठेवलाच कशाला? काही घडतच नाही या वाक्यात.” तिनं रेघ ओढली, सवयीनं, दोनदा.

धाकटी त्या रेघेकडे बघत राहिली. “तू नोकरीला परगावी गेलीस ना, तेव्हापासून.”

“काय तेव्हापासून?”

“उभी राहायची. संध्याकाळची गाडी येऊन जाईपर्यंत. तू कळवल्याशिवाय येत नाहीस, हे तिलाही ठाऊक होतं. तरी.”

कात्रीनं चष्मा काढला, पुन्हा लावला.

“मग हे लिहिलं का नाहीस?”

“लिहिलं होतं. वाचून बघितलं, तर तुला बोल लावल्यासारखं वाटलं. म्हणून कापलं. तुझ्याकडूनच शिकले.” तिनं पानं गोळा केली. “जाऊ दे. तुझं बरोबर आहे. काही घडत नाही त्यात.”

पानांच्या कडा दोन्ही हातांत धरलेल्या बघून कात्री जवळजवळ ओरडली, “फाडू नकोस! आण इकडे.”

लाल शाई पुसली जाणार नव्हती. तिनं पान उलटं केलं आणि पाठीमागे ते वाक्य नव्यानं लिहिलं. कापलेलं परत घेण्याची ही तिची पहिलीच वेळ. मग मान वर न करता तिनं विचारलं, “तोंड कुठं असायचं? रस्त्याकडे?”

“हो.”

“बोलायची काही?”

“एकदा मी विचारलं, तर म्हणाली, काही नाही गं, वारा खातेय.”

कात्रीनं तेही लिहिलं.

“यानं वाचणाऱ्याचं कुठलं काम होणार आहे?” धाकटीनं चिमटा काढला.

“गप्प बस. किती वर्षं?”

“मी लग्न होऊन गेले तोवर तरी उभी राहायची. पुढचं मला माहीत नाही, ताई. पुढं ती एकटीच होती.”

धाकटीनं घड्याळाकडे बघितलं, पिशवी उचलली. “देऊ ना मग सरांना? मला उशीर होतोय.”

“होऊ दे,” कात्री म्हणाली आणि कोरं पान पुढ्यात ओढलं. “अजून झालं नाही. सांग, दाराला तेव्हा रंग कुठला होता?”