समाजमंदिराचं दार

करंजाड्याच्या टॉवरांमागे जुनं गावठाण आहे. तिथल्या देवळाच्या चौकात पुतळाचं किराणा दुकान. पलीकडे तिची थोरली जाऊ राहीबाई, पूर्वी तिचंही दुकानच होतं. मधे गावाचं समाजमंदिर.

एके काळी गावातले लोक मिठासाठीसुद्धा पनवेल गाठायचे. राहीबाईनं ओटीवर रॉकेल आणि चहापत्ती ठेवली, ते गावातलं पहिलं दुकान. येणाऱ्या बायका तिच्या ओटीवर टेकायच्या, तासभर बोलत बसायच्या. तिकडे बघता बघता पुतळाच्या भाकऱ्या करपायला लागल्या. त्याच वर्षी नवऱ्याच्या मागे लागून तिनं पडवीला फळ्या ठोकून घेतल्या. पुढे राहीबाईनं फ्रीज आणला की हिला फ्रीज हवा, तिनं फोन बसवला की हिला फोन हवा. शेतजमिनी नव्या शहरात गेल्या, भाडेकरू आले, दोन्ही दुकानं जोरात चालली. पण पुतळाचं लक्ष स्वतःच्या गिऱ्हाइकापेक्षा समोरच्या पायरीवर जास्त.

मग समाजमंदिर झालं आणि त्याचं दार राहीबाईच्या बाजूला आलं. लग्न असो, बारसं असो, वऱ्हाडी थंड पेय प्यायला, पान खायला तिच्याकडे जायचे. पुतळाकडे आचाऱ्याचा धूर यायचा.

"दार तिला, पाठ मला," ती येईल त्याला सांगायची.

तिचा नवरा गेला तेव्हा राहीबाई रोज डबा घेऊन यायची. पुतळानं तिच्या हातचं खाल्लं, पण ते दार काही मनातून गेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी इमारत गळायला लागली, तेव्हा गावानं ती पाडून नवी बांधायचं ठरवलं. पुतळा दुखरे गुडघे घेऊन घरोघर फिरली. रस्ता आता आपल्या बाजूनं रुंद झालाय, गाड्या इकडूनच येणार, मग दार इकडेच हवं, असं तिनं सगळ्यांना पटवलं. बैठकीत समितीच्या धर्मराजनं राहीबाईला विचारलं.

"होऊ दे पुतळाचे बाजूला," ती म्हणाली. "माझी ना नाय."

पुतळाला तोही होकार टोचला. भांडून घ्यायचं ते जावेनं सहज देऊन टाकलं होतं.

नव्या समाजमंदिराचं दार पुतळाकडे उघडलं. पण आता वऱ्हाडं पाण्याच्या बाटल्यांपासून सगळं टेम्पोतूनच आणायची. गाड्या दुकानाला आडव्या लागायच्या, डीजे सुरू झाला की बरण्या थरथरायच्या. रोजचं गिऱ्हाईकही तुटलं. सून सोनल म्हणायची की आई, दुपारी तरी शटर ओढू या.

राहीबाईनं तर दुकान कधीच आवरलं होतं. तिच्यापुढे आता इमारतीची उंच भिंत आणि दुपारभर सावली. उरलेल्या लाद्यांचा समितीनं तिथं बाक बांधला, आणि गावातली म्हातारी माणसं तिथं जमू लागली. सोनल राहीबाईकडे पापड देऊन आली की कोण कोण बसलं होतं ते सांगायची. पुतळा ऐकून न ऐकल्यासारखं करायची, आणि मग रात्री जेवताना स्वतःच विचारायची, अजून कोण होतं.

एका दुपारी भिंतीला ओल आलीय का ते बघते, असं सांगून ती निघाली. बाकावर राहीबाई जुन्या गोष्टी सांगत होती. न्हाव्याची टपरी कुठे होती, पहिली शाळा कुणाच्या गोठ्यात भरली, आणि गावातली पहिली गिरणी दिनानाथनं कशी घातली. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

पुतळाला राहवलं नाही. "दिनानाथनं नाय, त्याचे सासऱ्यानं. दिनानाथ तवा चड्डीत होता."

"आसल," राहीबाई म्हणाली. "माझे कुठं ध्यानात ऱ्हातं आता. ये, बस, तू सांग."

पुतळा बसली. तिनं गिरणीचं सांगितलं, मग भजनी मंडळाच्या खोलीचं सांगितलं, आणि लोक ऐकत राहिले. बोलता बोलता तिच्या लक्षात आलं की राहीबाईचा पदर हलतोय आणि आपला हलत नाही. दोन घरांमधल्या बोळातला वारा बाकाच्या त्याच टोकाला लागत होता.

"वैनी," ती म्हणाली, "जरा इकडं सरक. मी तिकडं बसतं."

राहीबाई उठली आणि तिनं जागा दिली.