थंड पाण्यातला मासा

ही गोष्ट मी आजवर बायकोलाही सांगितलेली नाही. आरतीला कापूर पेटला की मला लालबागच्या आमच्या चाळीतल्या शेजारच्या काकांचा मासा आठवतो. पांढरा, काळ्या पट्ट्यांचा, चिमट्यासारख्या लांब तोंडाचा. तो फुलपाखरू मासा; हे मासे बहुतेक उबदार समुद्रातले, पण याचं छोटंसं कुळ थंड किनाऱ्यांवरचं, म्हणून टाकीला पाणी गार ठेवणारा चिलर लावलेला. त्या वर्षी गणपतीला कोकणात निघताना काकांनी मला किल्ली दिली. "बाकी काय पण विसर, चिलर बंद करू नको हां. आपलं पाणी म्हणजे त्याला कढतच." "काका, एवढी बडदास्त तर जावयाचीपण नसते," मी हसलो. चतुर्थीला आमच्या मखराचे दिवे काकांच्या घरातून वायर ओढून लावले, तर सारखा फ्यूज उडायला लागला. आरतीपुरता म्हणून मी चिलरचा प्लग काढला. मग पाहुणे, मोदक, दुपारची झोप. दुसऱ्या दिवशी पाहतो तर पाणी कोमट आणि मासा तळाशी आडवा. मी गुपचूप प्लग लावला. काका परतले तेव्हा पाणी गार होतं. काचेवर हात ठेवून ते म्हणाले, "तुझी काय चूक नाय रे. मीच त्याला सोडून जायला नको होतं." पुढे त्यांनी तसलाच दुसरा मासा आणला, आणि तेव्हापासून ते गणपतीला गावी गेलेच नाहीत. गावचा त्यांचा भाऊ दरवर्षी फोन करून बोलावतो. काका इथे आमच्या आरतीत टाळ वाजवतात. प्लग मी काढला होता, हे त्यांना सांगणं माझ्याकडून अजून राहिलंय.