अण्णांचं आजोळ

आमच्या घराण्यात सोनंनाणं काही नव्हतं, पायाचं एक बोट तेवढं होतं. करंगळीशेजारचं बोट करंगळीवर चढून बसलेलं. अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, दोन्ही पायांचं तसं होतं आणि माझं उजव्या पायाचं आहे. त्यापायी मला आयुष्यात एकही चप्पल धड बसली नाही. पूर्णेच्या बाजारात दुकानदार चौथा-पाचवा जोड काढायला लागला की आई म्हणायची, "हे त्यांच्या घराण्याचं देणं, माझ्याकडं बघू नका." त्यावर अण्णा म्हणायचे, "आमच्या बापाचे पाय सरळ होते. हे माझ्या मायचं हाय."  माय कुठली, कुणाची, हे त्यांना पुढं सांगता यायचं नाही.

अण्णांना आजोळच नव्हतं. सुट्टी लागली की आमच्या रेल्वे कॉलनीतली सगळी पोरं मामाच्या गावी पांगायची. माझा मामा ताडकळसचा. अण्णा मला सोडायला यायचे आणि मामा माझे फाजील लाड करायला लागला की ओट्यावर बसून बघत राहायचे. आईला वाटायचं, सासुरवाडीचं जेवण सुटत नाही म्हणून हलत नाहीत. मला खरं कारण कळायला कॉलेजात जावं लागलं.

अण्णांची आई ते सात वर्षांचे असताना गेली. नवऱ्यामागं नाही, नवऱ्याआधी गेली, म्हणून तिला हिरवं लुगडं नेसवायचं होतं, आणि ते माहेरहून यायला हवं होतं. आमच्याकडं बाईच्या अंगावर शेवटचं कापड माहेरचं पडतं. बाया तिला न्हाऊमाखू घालून बसल्या, उन्हं कलली. शेवटी अण्णांचे वडील म्हणाले, "कुणी येणार न्हाई, उचला." शेजारच्या गँगमनच्या बायकोनं स्वतःच्या पेटीतलं लुगडं आणून घातलं. अण्णा ही गोष्ट दर वर्षी अविधवा नवमीला, सवाष्ण जेवून गेली की सांगायचे आणि दर वेळी एकाच वाक्यावर थांबायचे. "माझ्या मायला म्हायेरचं कापड मिळालं न्हाई."

आजोबा रेल्वेच्या गँगवर होते, आज इथं तर उद्या तिथं. बायकोच्या माहेराचं नाव त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि कुणाला काढू दिलं नाही. मग धाकटी आजी आली, आणि तो विषय कायमचा मिटला. अण्णांना आठवत होतं ते एवढंच, की आईचा हात धरून एका कोरड्या नदीच्या वाळूतून चाललो होतो आणि वाळू पायाला पोळत होती.

मी बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला असताना धाकटी आजी गेली. आजोबांची जुनी ट्रंक तिच्याच ताब्यात असायची. ती उघडली तेव्हा फेट्याच्या कापडाखाली निजामाच्या स्टँपाचा एक उर्दू कागद निघाला. अण्णा निजामाच्या शाळेत शिकलेले, छापील उर्दू त्यांना यायचं, पण हा कागद घसटून लिहिलेल्या शिकस्ता अक्षरातला. आम्ही तो घेऊन एका रिटायर उर्दू मास्तरांकडं गेलो. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, आणि त्यांचा चहा तसाच गार झाला.

"वसीयतनामा हाय," ते म्हणाले. "तुमच्या आईच्या वडिलांचा."

मजकूर सोपा होता. शेती मुलाची. मात्र त्याच सामाईक शेतातला विहिरीकडचा तुकडा लेकीला, तिच्या चोळी-बांगडीसाठी. बाप लेकीला असा तुकडा तोडून देई, वर्षाची चोळी आणि बांगड्या त्यातून निघाव्यात म्हणून. शेवटी गावाचं नाव होतं. अण्णांनी ते तीनदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "मायचं नाव परत वाचा." लग्नात नाव बदललेलं, त्यामुळं सासरचं नाव त्यांना ठाऊक होतं. माहेरचं नाव साठीला टेकल्यावर पहिल्यांदा कानावर पडलं. घरी येईस्तोवर ते ते नाव पुटपुटत होते.

अण्णांना दुसऱ्याच दिवशी त्या गावी जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. मी इतिहास घेऊन शिकत होते आणि पुराव्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, असं वारं माझ्या अंगात शिरलं होतं. गंगाखेडच्या तहसिलात मी तीन खेपा घातल्या. दोनदा 'साहेब नाहीत' ऐकलं, एकदा विद्यापीठाच्या नामांतराच्या बंदमुळं एसटीच अर्ध्या वाटेतून परतली. चौथ्या खेपेला रेकॉर्डवाल्यानं धूळ झटकत जुनं खासरा पत्रक, म्हणजे जमीन कुणाच्या नावावर आहे त्याची सरकारी नोंद, काढून दिलं. विहिरीकडच्या तुकड्यासमोर आजीचं माहेरचं नाव होतं. ती जाऊन वीस वर्षं झाल्यावर लिहिलेल्या कागदात ती जिवंत होती. मी नक्कल घेतली आणि लढाई जिंकल्यासारखी घरी आले. अण्णांनी ती हातात घेऊन बघितली आणि म्हणाले, "पिशवीत ठिव. पर तिथं काढू नको."

संक्रांतीनंतर आम्ही निघालो. ताडकळसला बस बदलली, पालमला परत बदलली, फाट्यावर उतरून चालायला लागलो. वाटेत कोरडी नदी लागली. अण्णांनी चपला काढून हातात घेतल्या. मी म्हटलं, काटे आहेत. ते म्हणाले, "असू दे."

घर सापडायला वेळ लागला नाही. अंगणात एक म्हातारी तुरीच्या शेंगा बडवत बसली होती. बाकीची माणसं रानात. "कोनचे पाव्हणे?" तिनं विचारलं. "पूर्णेहून आलाव," अण्णा म्हणाले. पाहुणा आला की आधी पायावर पाणी. म्हातारी काठीच्या आधारानं उठली, तांब्या भरून आणला. अण्णांनी दगडावर पाय ठेवले आणि ती पाणी ओतायला लागली. धार मध्येच थांबली. म्हातारी वाकून अण्णांच्या बोटांकडं बघत होती. मग तिनं मान वर करून तोंडाकडं बघितलं, परत खाली बघितलं.

"तू आमच्या वन्संचा लेक हाईस," ती म्हणाली. "माझ्या मालकाचा पाय असाच होता."

माझ्या चार खेपा आणि दोन कागद पिशवीतच राहिले.  मामी, कारण ती अण्णांची मामी होती, खालीच बसली. "कुठं हाय ती?"

"मी सात वर्सांचा असताना गेली."

"गेली? मंग आमाला सांगावा कामून धाडला न्हाई?"

अण्णा म्हणाले, "आमी तर तुमची वाट बघत बसलो होतो. दिवस कलला तरी तुमी आला न्हाईत."

"आमाला कळालंच न्हाई रे लेकरा."

 पन्नास वर्षं अण्णांनी ज्यांच्यावर मनातून राग धरला होता, त्यांना ती गेल्याचं माहीतच नव्हतं. मग मामीनं सांगितलं. आजोबांना तो विहिरीचा तुकडा स्वतःच्या नावावर हवा होता. अण्णांचा मामा म्हणाला, जमीन बहिणीची हाय, मेव्हण्याची न्हाई. आजोबांनी वसीयतनामा उचलला, बायको-पोराला पुढं घातलं आणि भरल्या ताटावरून निघून गेले. आजोबांच्या नाकावर राग असायचा, हे मी ऐकून होते. तो मेलेल्या बायकोच्या कापडाआड येण्याएवढा होता, हे नव्हतं ठाऊक.

दुपारी माणसं रानातून आली. मामा केव्हाच वारला होता. त्याच्या मुलानं, अण्णांच्या मामेभावानं, त्यांना कडकडून मिठी मारली. सून पिठलं-भाकरीला लागली. सगळं गोड चाललं होतं. तेवढ्यात मामेभावानं सहज विचारलं, "पर आमचा पत्ता कसा लावलाव?"

मी ह्याच प्रश्नाची वाट बघत होते. सरळच सांगते, मला मिरवायचं होतं. अण्णा माझ्याकडं बघायच्या आत मी पिशवीतून दोन्ही कागद काढले आणि वर्गात वाचावं तसं विहिरीकडच्या तुकड्याचं वाचून दाखवलं. भाकरी थापायचा आवाज थांबला. त्या विहिरीवर त्यांची सगळी मोसंबी होती.

"आसं हाय व्हय," मामेभाऊ म्हणाला. "जमिनीसाठी आलाव म्हना की."

अण्णा 'न्हाई, न्हाई' म्हणत राहिले. मी मात्र तडकले. "कागद खोटा आहे का? आजीचं नाव आहे त्यावर." मामेभाऊ उठून बाहेर गेला. मामी आपली "बसा, बसा" म्हणत होती, पण आम्ही न जेवता निघालो.

परतीच्या बसमध्ये मी बडबडत होते. आजीचा हक्क आहे, बाईच्या नावाची जमीन म्हणून कुणीही गिळावी का, तुम्ही एवढे मऊ कसे. ताडकळस येईपर्यंत अण्णा खिडकीतून बाहेर बघत होते. मग म्हणाले, "पन्नास वर्सांमागं माझ्या बापानं त्याच घरात ह्योच कागद काढला आसंल. तुझ्यावानीच."

मला वाटायचं, आजोबांकडून मला काही आलेलं नाही. त्या दिवशी कळलं, बोट आजीचं आलंय आणि राग आजोबांचा. तरी मी लगेच नमले नाही. अण्णांनी मामेभावाला पोस्टकार्ड टाकलं की हक्कसोड करून देतो, तेव्हा मी आठवडाभर त्यांच्याशी अबोला धरला. त्यांनी त्याचंही वाईट वाटून घेतलं नाही. "मला रान न्हाई पायजे," ते आईला म्हणाले, "मला जायला एक दार पायजे."

हक्क सोडायचा तर आधी तो अंगावर चढवावा लागतो. तलाठ्यानं आजीच्या नावाला मयत म्हणून कंस केला, खाली वारस म्हणून अण्णांचं नाव लावलं. ती अमक्याची मुलगी, हा तिचा मुलगा, असं सरकारी शाईत पहिल्यांदाच लिहिलं गेलं. अण्णांनी त्याच्या तीन नकला मागितल्या. तलाठी म्हणाला, "सोडायची जमीन, तर नकला कशाला?" अण्णा नुसते हसले.

गंगाखेडला रजिस्ट्रीच्या दिवशी मामेभाऊ आला, आणि त्याच्यासोबत काठी टेकत मामी. तिच्या काखेत गाठोडं होतं. व्हरांड्यात बसून तिनं ते सोडलं. आत शेतसाऱ्याच्या पावत्या होत्या, दोऱ्यात ओवलेल्या. मामानं त्या तुकड्याचा सारा दर वर्षी वेगळा भरला होता आणि पावती दर वर्षी बहिणीच्या नावानं फाडून घेतली होती. "ह्ये म्हनायचे, ती यील तवा तिच्या हातात देऊ," मामी म्हणाली. "ती कुठं हाय ठावं न्हाई, पर नाव कामून काढावं."

मी एकेक पावती उलटत गेले. मला इतकी लाज वाटली की शेवटपर्यंत पोचलेच नाही. मामेभावाची मान खाली होती. त्यानंही त्या कधी बघितल्या नव्हत्या. तो म्हणाला, "दादा, सही नका करू. राहू द्या आत्याचं नाव."

अण्णांनी सही केली. कारकुनाला म्हणाले, "आता आमचं भांडण संपलं." त्याला काय कळणार.

गाठोड्याच्या तळाशी एक घडी उरली होती. मामीनं ती उचलून अण्णांच्या हातावर ठेवली. हिरवं लुगडं, नवं, बाजाराचा वास असलेलं. "तवाचं राह्यलं होतं," ती म्हणाली. रेल्वेत आयुष्य काढलेला, कधी डोळ्यांतून टिपूस न काढलेला माझा बाप त्या व्हरांड्यात, शिक्के मारणाऱ्या लोकांसमोर, लेकरासारखा रडला. त्या वर्षी अविधवा नवमीला सवाष्णीला तेच लुगडं दिलं. ती गोष्ट सांगायला अण्णा बसलेच नाहीत, उठून पानाला चुना लावायला लागले.

पुढं पाच-सहा वर्षं त्यांनी आजोळाची हौस फेडून घेतली. साठी उलटलेला माणूस उन्हाळ्यात पिशवी भरून मामाच्या गावी जायचा आणि मोसंबी खाऊन, घसा बसवून परत यायचा. आई म्हणायची, "ह्यांचं लहानपण आत्ता चालू झालं."

अण्णा गेले ते नामांतराच्या जानेवारीत. एसटी बंद, गावोगाव तणाव. सगळ्यात आधी कुणाला कळवायचं, हे मला कुणी सांगावं लागलं नाही. शेजारच्या फिटरला मोटारसायकल घेऊन मी आधी तिकडं पाठवलं, मग बाकीच्यांना. दुपार झाली. तिरडी बांधून तयार. लोक कुजबुजायला लागले, मग एक वडीलधारे स्पष्टच म्हणाले, "गाड्या बंद हायेत. कुणी येणार न्हाई, उचला."

ते शब्द मी पहिल्यांदा ऐकत नव्हते. मी दारात आडवी उभी राहिले. आजोबांचा राग आयुष्यात एकदा तरी चांगल्या कामाला आला. "थांबायचं," मी म्हटलं. "अण्णांच्या आजोळची माणसं यायची आहेत."

उन्हं कलली तेव्हा कॉलनीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर आला. ट्रॉलीत गोधडीत गुंडाळलेली मामी होती आणि तिला धरून मामेभाऊ. चौघांनी तिला उतरवलं. तिनं आणलेलं पांढरं कापड अण्णांच्या अंगावर छातीपासून खाली ओढत नेलं. पाय झाकायच्या आधी थांबली, आणि त्या चढलेल्या बोटावरून हात फिरवला.

मग म्हणाली, "आता उचला."