माझी सैन्यभरती

आता हसू नका, आधीच सांगतो. माझी अक्कल मिल्टन कीन्सच्या कुठल्या राउंडअबाउटला घरंगळून पडली, ते मला अजून कळलेलं नाही.

आमच्या ओंकारला गेल्या महिन्यात अठरा वर्षं पूर्ण झाली. सहा वर्षांचा होता तेव्हा त्याला घेऊन इकडे इंग्लंडला आलो. आता सगळ्यांचे सिटिझनशिपचे अर्ज टाकलेत आणि आम्ही वाट बघतोय. वाट बघणं मला जमत नाही. वैशाली, म्हणजे आमची ही, म्हणते, "अहो, पोस्टमनने दार वाजवायच्या आत तुम्ही दारात असता. तो घाबरतो बिचारा."

अशात आमचा चुलतभाऊ मंदार, मुक्काम न्यू जर्सी, याने फॅमिली ग्रुपवर टाकलं: 'चिरंजीव अठराचे झाले. तीस दिवसांच्या आत सैन्याच्या यादीत नाव नोंदवलं. बाहेरून आलेल्या मुलांनाही सक्तीचं आहे बरं का! नाही केलं तर पुढे सिटिझनशिप अडकते.'

मी कॅलेंडर काढून मोजलं. ओंकारचे चोवीस दिवस उलटून गेलेले!

"मंदारला फोन करून नीट विचारा ना," असं कोणीही शहाणा माणूस म्हणाला असता. पण मंदारला विचारायचं? म्हणजे पुढची दहा वर्षं 'शिऱ्याला मीच सांगितलं' हे ऐकायचं? छे! अमेरिकेत आहे म्हणजे इथेही असणारच. गोरे ते गोरे!

बसलो लॅपटॉप घेऊन. सक्तीची नोंदणी काही सापडेना. म्हटलं, सरकारी काम, कुठेतरी दडवून ठेवली असणार. शेवटी सैन्याच्या वेबसाइटवर नाव द्यायचा एक फॉर्म सापडला. ओंकारचं नाव टाकलं, बाकीच्या रकान्यांत लॅपटॉपने आपसूक माहिती भरली. केवढी सोय! फोन माझा, ई-मेल माझा. तसंही आमच्या घरात बालवाडीपासून सगळ्यांचे फॉर्म मीच भरतो. पोरगा कुठे फोन उचलतो?

एक प्रश्न होता, 'सैन्यात का यायचंय?' आता सक्ती आहे म्हणून, असं लिहितात का? मी लिहिलं, 'लहानपणापासून एकच ध्यास.' बटण दाबलं.

आणि मग माझी जी तगमग सुरू झाली, विचारू नका! नाव दिलं नाही तर सिटिझनशिप अडकणार. आणि दिलं, तर उद्या खरंच बोलावलं म्हणजे? ज्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत, त्याला हे रणांगणावर पाठवणार? वैशालीला सांगायची सोय नव्हती, तिने मलाच आधी पाठवलं असतं. जेवण जाईना. ऑफिसच्या मीटिंगमध्ये मी पाय हलवत बसायचो.

निदान पोराची तयारी तरी करून घ्यावी! सकाळी सहाला उठवून त्याला रेडवेवर, म्हणजे इथल्या लाल पायवाटांवर, चालायला न्यायला लागलो. त्याच्या पाठीवर दहा किलो बासमती.

"बाबा, आपण तांदूळ कुठे घेऊन चाललोय?"

"कुठे नाही. चल."

"मग घेतला कशाला?"

"प्रश्न विचारायचे नाहीत! तिकडे प्रश्न चालत नाहीत!"

"तिकडे म्हणजे कुठे?"

पाचव्या दिवशी, शनिवारी, आम्ही तिघं चहा घेत असताना फोन आला. सैन्यातून! एक सार्जंट, आवाज अगदी मऊ. ओंकार आहे का, म्हणाला. मी म्हटलं, त्याचे वडील बोलतोय.

"वडील?" सार्जंट जरा थबकला. "वा! तब्येत बरी आहे ना तुमची?"

म्हटलं, किती सभ्य लोक!

"सर, तुमच्या मुलाचा उत्साह मोठा आहे. पण त्याचं वय पाहता आम्हाला त्याला घेता येणार नाही."

झालं! सिटिझनशिप डोळ्यांदेखत बुडाली. चार दिवस ज्याला नेऊ नका म्हणून देवाला साकडं घालत होतो, त्याला न्या म्हणून मी गयावया करायला लागलो.

"अहो, वयाचं काय? हेच तर वय आहे! अजून धड मिशी फुटलेली नाही त्याला!"

सार्जंटने जपून विचारलं:

"सध्या काय करतो तो?"

"शिकतोय अजून. पण हुशार आहे हो!"

"आणि राहतो कुठे?"

"आमच्याचजवळ. कपडे आई धुते. तुम्ही घेतलंत तर शिस्त लागेल!"

"सर," सार्जंट फारच हळुवारपणे म्हणाला, "घरात सगळं ठीक आहे ना? कोणाशी बोलायचंय का तुम्हाला?"

एव्हाना वैशालीचा कप हवेतच थांबला होता. ओंकारने माझ्या हातातून फोन ओढला आणि स्पीकरवर टाकला. "हाय, मी ओंकार. माझी डेट ऑफ बर्थ काय लिहिलीये?"

सार्जंटने वाचून दाखवली.

"बाबा! तो तुझा बर्थडे आहे! यू आर फिफ्टी-वन!"

सत्यानाश! तो आपसूक भरणारा लॅपटॉप! म्हणजे त्या बिचाऱ्या सार्जंटच्या हिशेबाने, एक्कावन्न वर्षांचा बिनमिशीचा विद्यार्थी आईकडून कपडे धुऊन घेत होता, आणि त्याचे ऐंशी वर्षांचे वडील त्याला सैन्यात ढकलत होते.

मी मंदारपासून बासमतीपर्यंत सगळं कबूल केलं. सार्जंट खोकल्यासारखं हसला. "सर, ती सक्ती अमेरिकेत. इथे असली नोंदणीच नाही. ज्याला यायचंय तो येतो."

"मी तुझं काय बिघडवलं होतं, बाबा?" ओंकार म्हणाला. चेष्टेत म्हणाला, पण मला लागलं. मी म्हटलं, "अरे, तुझं इथलं काही अडकू नये, एवढंच रे." त्याने उठून माझ्या कपात आणखी चहा ओतला.

मला भरून आलं. तेवढ्यात फोन टिंगटिंगला. लबाडाने दुसऱ्या हाताने ग्रुपवर टाकलं होतं: 'बाबाला आर्मीने रिजेक्ट केलं.'

मंदारने अकरा हसरे चेहरे पाठवले. नाशिकहून माई आत्या मात्र कळवळली: 'अरे शिरीष, या वयात घर सोडून लढाईवर निघालास? वैशालीचं काही बिनसलंय का?'

मी चष्मा शोधेपर्यंत उत्तर वैशालीनेच दिलं.

'माझी काही हरकत नव्हती आत्या. त्यांनीच घेतलं नाही.'