पान एक्कावन्नवरचा त्रिकोण शोधत टिटवाळ्याला

लडाखहून आले तेव्हा याच ब्लॉगवर सात भाग पाडले होते. या वेळचा प्रवास ठाण्यातली माझी कोपरी ते टिटवाळा, एवढाच. हसू नका, यातलं अर्धं स्वीडन आहे.

माझे बाबा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, बँकेतून निवृत्त, डोंबिवलीत एकटे राहतात. आई गेल्यापासून ते एकच प्रकार वाचतात, तो म्हणजे इंग्रजीत आलेल्या स्वीडिश पोलिसी कादंबऱ्या. एकाच इन्स्पेक्टरच्या दहा. बर्फ, चार वाजता पडणारा काळोख, गोठलेल्या तळ्यात प्रेत. नऊ झाल्या आणि त्यांचं वाचनालयच बंद पडलं. त्यात डोळ्यांचा पडदा खराब होत चाललाय. ठाण्याच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, वाचन आता फार तर काही महिने. मी लगेच म्हटलं, दहावं ऑनलाइन मागवते.

"नको," बाबा म्हणाले. "त्यात त्रिकोण नसेल."

वाचनालयात जाणाऱ्यांना हे माहीत असेल. तेच पुस्तक पुन्हा घरी येऊ नये म्हणून प्रत्येक जण ठरलेल्या पानावर पेन्सिलीने आपली बारीक खूण करतो. बाबांच्या नऊही पुस्तकांत एक्कावन्नाव्या पानावर त्यांच्याआधी कोणाचा तरी त्रिकोण होता. म्हणून त्यांनीही आपला गोल तिथेच, शेजारी काढायला सुरुवात केली. त्या माणसाने दहावं वाचलं का, हे त्यांना डोळे जायच्या आत बघायचं होतं. वडील असं काही मागतील असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

डॉक्टरांकडून आम्ही सरळ रिक्षाने खोपटला गेलो. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत वाचनालयाचे मालक सावंतकाका राहतात. आधी डेपोसमोर बटाटेवडा खाल्ला, लसणाची चटणी मागून घ्या. काकांच्या गॅलरीत पुस्तकांचे गठ्ठे छतापर्यंत.

"त्रिकोण म्हणजे शैलाताई!" काका क्षणात म्हणाले. "नर्स होत्या. रिटायर झाल्या आणि टिटवाळ्याला मुलाकडे गेल्या. दहावं त्यांनीच नेलेलं शेवटच्या दिवशी. मीपण मागितलं नाय परत."

"आणि पहिल्या पानावर खुनी लिहून ठेवायचा तो कोण हो?" बाबांनी विचारलं.

"त्याला मी कितीदा झापला! खोडरबर घेऊन बसायचो मी."

"चौथ्या पुस्तकात त्याने 'नवरा' लिहिलेलं. चूक होतं."

दोघं इतके हसले की काकू बाहेर बघायला आल्या. बाबांना असं हसताना मी दोन वर्षांत पाहिलं नव्हतं. काकांनी शैलाताईंना फोन लावून विचारलं. उद्या या, म्हणाल्या.

निघताना काकांकडून मालिकेतलं पहिलं पुस्तक मी वाचायला घेतलं. खरं सांगते, ही पुस्तकं मला आवडत नव्हती. एकट्या म्हाताऱ्या माणसाने एवढा अंधार कशाला वाचावा? पण दुपारभर उठले नाही. सत्तर पानं झाली तरी खुन्याचा पत्ता नाही. इन्स्पेक्टर मेलेल्या बाईच्या स्वयंपाकघरात उभा आहे, तिने न धुता ठेवलेला कप बघतोय, बस्स. बाहेर बर्फ पडतंय, आणि एका साध्या बाईसाठी अख्खं गाव थांबलंय. घामाने चिकटलेल्या कोपरीत माझ्या अंगावर काटा आला.

बाबा रात्री माझ्याकडेच राहिले. दुसऱ्या दिवशी बुधवार होता. टिटवाळ्याला मंगळवार टाळा, गणपतीला गर्दी असते. अकराच्या कसारा लोकलला आरामात खिडकी मिळाली. कल्याण गेल्यावर मी विचारलंच, "बाबा, काय आवडतं तुम्हाला यात?"

ते शहाडच्या पुलावरून नदी बघत म्हणाले, "तुझी आई गेली, पंधराव्या दिवशी सगळे कामाला लागले. बरोबरच आहे ते. पण या पुस्तकांत कोणी गेलं की एक माणूस तरी शेवटपर्यंत विचारत राहतो, ती कशी होती म्हणून."

पंधराव्या दिवशी मीही ऑफिसला गेले होते. मला खूप लाज वाटली.

स्टेशनवरून रिक्षाने दहा मिनिटांवर नव्या इमारती आहेत, काहींना अजून रंगही नाही. तिसऱ्या मजल्यावर शैलाताईंनी दार उघडलं. पांढरे केस, ताठ कणा, हातात चष्मा.

"गोल तुम्ही?" त्यांनी बाबांना विचारलं.

"हो. त्रिकोण?"

"मी प्रत्येक पुस्तक दुसऱ्यांदा न्यायचे. तेव्हा शेजारी गोल आलेला असायचा. बरं वाटायचं."

फडताळातून त्यांनी दहावं काढलं. वर्तमानपत्राचं कव्हर अगदी कोरं. बाबांनी पुस्तक डोळ्यांजवळ नेऊन पान एक्कावन्न उघडलं. तिथे काहीच नव्हतं.

"वाचलं की संपलं ना," त्या ओशाळून म्हणाल्या. "म्हणून ठेवलंय तसंच. तुम्ही न्या."

"तुमच्याआधी मी कधी वाचलेलं नाही," बाबा म्हणाले. "आणि आता डोळे साथ देत नाहीत."

शैलाताईंनी नर्सच्या आवाजात विचारलं, "कुठला डोळा?" मग तपासणी झाली, पोहे झाले, चहा झाला. पुस्तक त्यांच्याकडेच राहिलं. एवढी वणवण करून रिकाम्या हाताने परत! परतीच्या गाडीत मी धुसफुसत होते आणि बाबा खिडकीशी गुणगुणत होते.

आता या गोष्टीला तीन आठवडे झालेत. रोज चार वाजता शैलाताईंचा फोन येतो आणि त्या एक प्रकरण वाचून दाखवतात. मध्येच थांबून दोघं खुनी कोण यावर भांडतात. परवा मी डोंबिवलीला गेले होते. स्वीडनमध्ये तळं गोठत होतं, बाबा डोळे मिटून ऐकत होते आणि मी कुकर लावायचं विसरून दारातच उभी होते. लडाखला पहिल्यांदा आकाश बघितलं तेव्हा अशी उभी राहिले होते. वाचन थांबलं तेव्हा आई शेवटच्या दिवसांत काय बोलायची, हे मी बाबांना पहिल्यांदाच विचारलं. ते तासभर सांगत होते.

एक राहिलं. एक्कावन्नावं पान आलं त्या दिवशी शैलाताईंनी विचारलं होतं, "तुमचा गोल मी काढू ना?"

"काढा," बाबा म्हणाले. "पण आधी त्रिकोण."