फायनल नकाशांचा फोल्डर

पनवेलच्या आमच्या ऑफिसात आर्किटेक्ट साहेब घरांचे नकाशे काढतात आणि सर्व्हर मी सांभाळते. अ‍ॅडमिन मी एकटीच, आणि त्याचा मला भारी तोरा. फायनल झालेल्या नकाशांत कोणीतरी परस्पर बदल करत होतं. माझा संशय आमच्या जुन्या ड्राफ्ट्समन काकांवर. एका शुक्रवारी वैतागून मी त्या फोल्डरच्या परवानग्यांत ‘एव्हरीवन’ निवडलं, ‘डिनाय’वर, म्हणजे बंदीवर, टिक मारली आणि जाहीर केलं, “आता लावून दाखवा हात.”

सोमवारी मोरा बंदरावरून एक कोळीण मावशी आपल्या घराचा नकाशा न्यायला आल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी पाया खणायचा होता. गवंडी ठरलेला, आणि त्याला हातात नकाशा हवा होता. मी ऐटीत फोल्डरवर क्लिक केलं, तर परवानगी नाही. अहो, ‘एव्हरीवन’मध्ये मीपण आलेच की! एवढी साधी गोष्ट माझ्या टाळक्यात शिरली नव्हती. पासवर्ड बदलला, सर्व्हर बंद करून चालू केला, नको नको ते केलं. शेवटी मावशींना सांगावं लागलं की हे कुलूप मीच लावलंय आणि आता मलाच उघडत नाही.

मावशी घड्याळाकडे बघत म्हणाल्या, “बाय, माजी उरनची एसटी जाईल. कुलूप तूच लावलंस ना? मग उघड की.”

तेवढ्यात काका खुर्चीतून वळले. “तो फोल्डर मुळात मी बनवलाय. माझ्या लॉगिनमधून बघू का?”

ज्याने फोल्डर बनवला तो त्याचा मालक, आणि बंदी असली तरी मालकाला परवानग्या बदलता येतात. हे मला पाठ होतं, फक्त वेळेवर आठवलं नाही. काकांनी टिक काढली आणि फोल्डर उघडला. ज्यांना बाहेर ठेवायला एवढा खटाटोप केला, त्यांनीच मला आत घेतलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.

प्रिंट निघाल्यावर मावशींनी स्वयंपाकघरावर बोट ठेवलं. “ओटा मागल्या दाराशी आला, बरं झालं. मासली धुवायचं पानी घरात नाय फिरनार. मी काकांना फोन करून सांगितलेलं.”

म्हणजे परस्पर बदल तो हाच. मावशी नकाशाची गुंडाळी काखेत मारून स्टँडकडे पळाल्या.

“मला का नाही सांगितलंत?” मी काकांना विचारलं.

“तू चिडतेस गं,” काका म्हणाले.

आता चिडायला तोंड कुठे होतं? मला हसूच आलं. दोघांसाठी चहा सांगितला आणि खुर्ची काकांच्या टेबलाशी ओढून विचारलं, अजून कोणाकोणाचे ओटे हलवलेत.