सीटवरची टोपी

"तुमची मोटार रोज एवढी लेट का असायची?" असं कुणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. अहो, तासभर उशीर आम्हाला कधीच कुणी केला नाही! प्रत्येकाने केला तो जरासाच. हे जरासे जरासे साठत गेले, आणि त्यांच्याबरोबर माझ्याकडे किस्सेही साठले.

पस्तीस-छत्तीस साल असेल. शेठची एकच मोटार, नाशिक ते त्र्यंबक. रहीमचाचा ड्रायव्हर, मी कंडक्टर. हँडल मारून इंजिन सुरू झालं, की हमखास कुणालातरी काहीतरी आठवायचं! म्हणून आमच्यात एक रिवाज पडला होता. उतरायचं तर "आलोच!" असं ओरडायचं आणि सीटवर टोपी, फेटा, जे असेल ते ठेवून जायचं. "आलोच" ऐकू आलं, की मोटार थांबणार. नाही ऐकू आलं, तर माणूस गाडीतच आहे असं समजायचं.

*

गोदाकाकू दर सोमवारी त्र्यंबकला जायच्या. मोटार त्यांच्या दारात उभी, आणि आतून आवाज, "भाकरी तव्यावर आहे हो, उलटली की आलेच!"

एकदा चाचांनी वैतागून हॉर्न दाबला. काकू उलथनं घेऊन बाहेर. "हॉर्न वाजवून भाकरी फुगते का रे?"

मग त्यांनी गरम भाकरी चाचांच्याच हातात ठेवली. ती खाईपर्यंत आणखी थांबलो! परसातले पेरूही काकू बरोबर घ्यायच्या आणि गाडीतल्या प्रत्येकाला एकेक द्यायच्या. नको म्हणायची सोय नव्हती.

*

महिरावणीला रेडिएटरमध्ये पाणी भरावं लागे. तिथल्या विहिरीवर एक दिवस शेतकरी म्हशीला पाणी पाजत होता.

"जरा घाई करा की," मी म्हटलं.

"घाई केली तं ती पेत नाय. लय मानी हाय."

सगळी मोटार खाली उतरून म्हशीचं पाणी पिणं बघत उभी राहिली. शेवटी तिने मान वर केली. चाचा म्हणाले, "चलो, हो गया!"

"व्हय, हिचं झालं. आता तिघी ऱ्हायल्या."

*

सातपूरला कुणीतरी "आलोच!" म्हणून फेटा ठेवून गेला. वाट बघून बघून सगळे कंटाळले. मागच्या बाकावरचा एक बोडका गृहस्थ तर नुसता पेटला होता. "काही रीत आहे की नाही माणसाला? टाका तो फेटा बाहेर!"

मी खरंच टाकायला निघालो. तर गृहस्थ किंचाळला, "अरे अरे, तो माझा आहे!"

केव्हाच मागच्या दाराने येऊन बसला होता!

*

आणि एकदा चुकून वेळेवर पोचलो. त्र्यंबकचा खानावळवाला झारा घेऊन अंगावर आला. "ही काय यायची वेळ झाली? अजून कणीक भिजवायची आहे!" रोजची वेळ होईपर्यंत त्याने कुणाला आत घेतलं नाही.

*

पण खरी गंमत झाली ती साहेब आले तेव्हा.

मोटारींचे परमिट देणारे साहेब स्वतः बसून बघणार होते. लेट झालो, तर परमिट रद्द. म्हणजे शेठची मोटार बंद, आणि चाचा अन् मी घरी! चाचांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

पण त्या दिवशी आमची माणसं काय वागली म्हणून सांगू! काकू भाकऱ्या बांधून, पेरू ओच्यात घेऊन दारात उभ्या. महिरावणीच्या म्हशी पहाटेच पाणी पिऊन मोकळ्या. साहेब पुढच्या सीटवर, मोठी साहेबी टोपी घालून.

अंजनेरीला माणसं घ्यायला थांबलो. निघताना चाचांनी शेजारी पाहिलं. सीटवर टोपी उताणी, साहेब नाहीत!

"साब किधर?"

"आलोच म्हणाले का?" मी विचारलं.

"नही."

"मग गाडीतच असतील. चला!"

"चला, चला, उशीर होतोय!" सगळी मोटार ओरडली.

त्र्यंबकला वेळेच्या आधी पोचलो. शेठ हार घेऊन धावले, तर सीटवर नुसती टोपी. काही सुचेना, तेव्हा त्यांनी हार टोपीलाच घातला!

अर्ध्या तासाने टांगा आला. टांग्यात साहेब. अंगभर धूळ, कोटाला करवंदीचे काटे. आता काय सांगायचं बाकी होतं! आडोशाला जाताना माणूस "आलोच" म्हणून ओरडतो थोडाच?

"शेठ!" साहेब कडाडले. "तुमचं परमिट..."

"पण साहेब, मोटार वेळेवर आली," शेठ रडकुंडीला येऊन म्हणाले. "तुम्हीच कुठे होतात, तेवढं सांगा."

साहेबांनी कोटाचे काटे बघितले. सगळ्या गावाकडे बघितलं. मग हळूच म्हणाले, "मी... मोटारीतच होतो."

काकू पुढे झाल्या. "होते की! मी पेरू नाही का दिला यांना?"

साहेबांनी घाईघाईने हार काढला आणि टोपी डोक्यावर उलटी केली. आतला पेरू टप्पकन पायाशी पडला.

साहेबांनी तो उचलला, कोटाला पुसला, एक चावा घेतला आणि म्हणाले, "हो हो, दिला होता."